हलत्या हाताचा निशाणा

गोडादरा, सुरत
१८ नोव्हेंबर २०२४

विहीणबाई सौ. नूतनताई यांस सरलाचा नमस्कार.

तुम्ही सगळे नंदुरबारला नीट पोहोचलात, कळलं. इकडे आम्ही ठीक. पांडेसऱ्याची मिल सोडल्यापासून ह्यांचा खोकला कमी आहे. फोनवर तुम्ही मध्येच हसता आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहिते.

हर्षदाच्या बाळंतपणाचं नंतर. आधी गेमचं.

जाताना ती तो गेमचा डबा माझ्याकडे ठेवून गेली, "आई, सराव कर" म्हणून. रोज दुपारी लावते. वस्तू वाईट आहे. कंट्रोलर हलवला की पडद्यावरचा निशाणा हलतो, इथपर्यंत समजलं. पण हात स्थिर धरला तरी तो आपला उजवीकडे सरकत राहतो. मधोमध आणायचं बटण शोधेपर्यंत कोणीतरी मला मारून जातो. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये मी खरी रायफल चालवली आहे. दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला, श्वास रोखून घोडा हळू दाबायचा. ओटीभरणाच्या दिवशी कंट्रोलर तसाच गालाशी धरला, तर तुम्ही उशीत तोंड खुपसून हसलात. आणि हर्षदा म्हणाली, "आई, तू बंदुकीलाही शिस्त लावतेस."

तुम्ही कोपर उशीवर टेकवून, पोळी उलटावी तसं मनगट फिरवत मारत होतात. "हर्षू, मागे बघ." "मम्मी, तुम्ही पळा, मी आहे." माझ्या घरात, माझ्या टीव्हीसमोर. मी आत शिरा भाजत होते. 'हर्षू' असं तिचं नाव मी कधी तोडलं नाही.

आता दुसरं.

सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी राहते. पहिलं बाळंतपण आईकडे. मी मागची खोली रंगवून घेतली होती, डिंक आणला होता, दवाखान्यात नाव घातलं होतं. आणि निघायच्या सकाळी ती तुमच्या बॅगेशेजारी स्वतःची बॅग घेऊन उभी. "आई, मी मम्मींसोबत जाते. डिलिव्हरी तिकडेच."

कारण विचारलं. म्हणाली, "तिकडे मी रडले तरी चालतं. इथे रडायलाही ताठ बसावं लागतं."

तुम्ही चपला घालत होतात. ऐकलं नाही असं दाखवलंत. ते बरं केलंत की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे म्हणतात, "जाऊ दे व, पोर सुखी शे ना तठे?" सुखी आहे, हेच तर.

स्पष्ट लिहिते. तुम्हाला ती सव्वीस वर्षांची, तयार मिळाली. गोवर, गणिताचे पेपर, उलटून बोलणं, हे सगळं माझ्याकडे झालं. हसणं तेवढं तुमच्याकडे गेलं.

काल निशाण्याचं थोडं जमलं. कंट्रोलर सपाट टेबलावर ठेवून सेटिंग नव्याने करायचं असतं, मग तो सरकत नाही. वेगही कमी केला. तो तुमच्या हाताला लावलेला होता. हर्षदाला सांगायला फोन उचलला आणि ठेवून दिला. तिने आधी तुम्हाला हाक मारली असती, "मम्मी, आईला जमलं."

माझ्या सांगण्याने ती येणार नाही. तुम्ही निघालात तर येईल, एवढं मला दिसतं. म्हणून मागच्या खोलीत दोन खाटा टाकल्या आहेत. दोघी या. बाळंतपण होऊन सव्वा महिना राहा. दिवसभर टीव्हीसमोर बसा, मी बोलणार नाही. बाळंतिणीला तेल मात्र मी लावीन.

आणि दवाखान्यात बाळ बाहेर आणून नर्स विचारेल, "आजी कोण?" तेव्हा तुम्ही घटकाभर गप्प राहा.

तुमची विहीण,
हर्षदाची आई
सरला