हलक्या हाताचा टोच्या

४ मार्च
जकात नाक्यावरून थेट आरोग्य खात्यात! देवीची साथ आलीय, टोचायला माणसं कमी, म्हणून आमचं नशीब फळफळलं. डॉक्टरांनी शिकवलं ते नेमकं जेवणानंतर. टोचायचं कसं ते नीट पाहिलं, पुढे पेंग आली. टोचलं की झालं, पुढे आणखी काय असणार!

६ मार्च
लसीच्या काचेच्या नळ्या बर्फात ठेवायच्या म्हणून थर्मास दिलाय. बूच गळकं. भर चौकात माझी विजार पुढून ओली! पोरं मागे लागली – "टोच्या घाबरला रे!" घरी सांगितलं तर बायकोही तोंड फिरवून हसली. सरकारी माणसाला काही अब्रू आहे की नाही?

७ मार्च
तोडगा काढला. थर्मास कचेरीत, नळ्या छातीच्या खिशात, पेनाशेजारी. काय रुबाब! ऊन मात्र मरणाचं.
शिंप्याच्या गल्लीत एकही दार उघडेना. मग छोटीला कडेवर घेऊन गेलो आणि सगळ्यांदेखत आधी तिलाच टोचलं. पोटची पोर! धडाधड दारं उघडली. सगळ्यात शेवटी शिंपीण आली – आधी स्वतःचा दंड पुढे केला, मग तान्ह्याचा.

१३ मार्च
गल्लीत माझं नाव झालंय. ना ताप, ना फोड, ना रडारड. कोपऱ्यावरची म्हातारी म्हणाली, "एवढा हलका हात पाहिला नाही बाई कुणाचा." मी फुगून टम्म.
शिंपीण भीतभीत आली. "भाऊ, माझ्या बहिणीला देवी आल्यात. तिचं करायला कुणी नाही. बाळाला घेऊन जाऊ का?"
"खुशाल जा, वहिनी! आता देवीच्या बापाची हिंमत नाही."

१५ मार्च
छोटीला आंघोळ घालताना बायको म्हणाली, "अहो, हिच्या दंडावर काहीच कसं उठलं नाही?" म्हटलं, हात हलका! शाबासकी मिळवायला पोरीला डॉक्टरांकडे नेलं – गाढव मी.
त्यांनी दंड उजेडात धरला. "इथे फोड यायलाच हवा. आला नाही म्हणजे लस मेलेली. नळ्या कुठे ठेवत होतात?"
माझा हात आपसूक खिशावर गेला.
ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "थर्मास घ्या. पुन्हा प्रत्येक दार."

१६ मार्च
ओल्या विजारीने गल्लीत गेलो. सांगून टाकलं – चूक माझी, लस उन्हात मेली. म्हातारीने मनसोक्त शिव्या घातल्या आणि दंड पुढे केला. छोटीला पुन्हा सगळ्यांच्या आधी टोचलं, खूप रडली.
शिंपी मशीनवर बाळाचं झबलं शिवत होता. "ती परवाच बाळाला घेऊन बहिणीच्या गावी गेली. तुम्ही सांगितलंत, मग काळजी कसली?"
त्यालाही खरं सांगून टाकलं. झबलं तसंच मशीनवर टाकून तो उठला.

१७ मार्च
पहिल्या गाडीने शिंपी आणि मी. थर्मास माझ्या मांडीवर. गळू दे मेला.
मायलेकरांना पुन्हा टोचलं. डॉक्टर म्हणाले होते, अजून उपयोग होईलही, सांगता येत नाही. शिंपिणीने माझ्याकडे न बघताच पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

२५ मार्च
छोटीच्या दंडावर टपोरा फोड! आम्ही दोघं वेड्यासारखे बघत बसलो.

२९ मार्च
शिंप्याचा निरोप आला. बाळाच्या दंडावरही फोड आलाय, बाकी अंग स्वच्छ. शिंपिणीला देवी आल्यात – तोंडभर, हातभर.
"भाऊंना सांगू नका," म्हणाली म्हणे.