जादाची दोन तिकिटं

झाशी,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय मधुसूदन,

नमस्कार. एकवीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवलंस, तरी मला राग येणार नाही. एकाच गावात राहून पत्र कशाला, असंही तुला वाटेल. या आठवड्यात बड़ा बाज़ारात तुझ्या दुकानासमोरून मी दोनदा गेलो. एकदा तू गिऱ्हाइकाला वह्या दाखवत होतास, एकदा एकटाच बसला होतास. दोन्ही वेळा मी मान खाली घालून पुढे निघून गेलो.

आम्ही बरे आहोत. थंडी पडली तसे सिंधूचे गुडघे पुन्हा दुखू लागलेत. श्रेया पुण्यात नोकरीला आहे, दिवाळीला येऊन गेली. तिचं मराठी तिथे राहून सुधारलं, आता माझ्याच चुका काढते.

परवा कार्यक्रमात तू भेटलास, स्वतःहून जवळ आलास, बोललास. तेव्हापासून मला चैन नाही.

शकुंतलाबाईंचं गाणं झाशीत, तेही शेवटचं, हे कळलं तेव्हा सिंधू पोरीसारखी खूश झाली. दोघी लक्ष्मी गेटच्या एकाच गल्लीत वाढलेल्या. तिकिटं रविवारी सकाळी दहाला ऑनलाइन मिळणार होती. पावणेदहापासून मी फोन धरून बसलो. दहा वाजून एक मिनिटाला पडद्यावर आलं, तुमच्यापुढे नऊ हजार लोक आहेत. हॉलमध्ये खुर्च्या अकराशे! दहा मिनिटांत सगळं संपलं, आणि दुपारी तीच तिकिटं दुसऱ्या एका साइटवर चौपट भावाने दिसायला लागली. मी दलालांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सिंधू म्हणाली, "अहो, बीपी वाढेल. नाही मिळालं तर नाही मिळालं."

पुढच्या रविवारी काही राखून ठेवलेल्या जागा सोडल्या. या वेळी माझा फोन, सिंधूचा फोन आणि शेजारच्यांचा लॅपटॉप घेऊन बसलो. लागलं एकदाचं! घाईत दोनाऐवजी चार तिकिटं घेतली गेली. जादाची दोन महाराष्ट्र मंडळात कुणाला तरी आहे त्या किमतीत देऊ, असं मी सिंधूला सांगितलं. मधू, खरंच द्यायची होती.

नुसतं बघावं म्हणून त्या दुसऱ्या साइटवर चौपट भावानं टाकली. पाच मिनिटांत एका मुलीचा फोन आला. "अंकल, दोनों मैं ले लूँगी, थोड़ा कम कर दीजिए न. पापा के लिए चाहिए." मी म्हणालो, "बेटा, बहुत लोग पूछ रहे हैं. लेना हो तो बोलो." रेल्वेच्या रिझर्वेशन खिडकीवर बसून हेच वाक्य बाहेरच्या दलालांच्या तोंडून मी हजार वेळा ऐकलं होतं. माझ्या तोंडून ते तितक्याच सहज निघालं. ती म्हणाली, "ठीक है, ले लूँगी."

संध्याकाळी लक्ष्मी गेटपाशी भेटायचं ठरलं. कानटोपी घालून गेलो. अजून तेवढी थंडी नव्हती, मग कशासाठी ते तुला कळेल. स्कूटीवरून उतरली ती तुझी रेवा.

तिनं लगेच ओळखलं. घाबरली नाही, चिडली नाही. "कमलाकरकाका, तुम्ही?" म्हणाली. मला तेव्हाच तिकिटं तिच्या हातात ठेवून पैसे नको म्हणता आलं असतं. कमीत कमी खरी किंमत तरी घेता आली असती. मी म्हणालो, "पैसे मोबाइलवर पाठव." तिने तिथेच उभी राहून पाठवले. मग तिकिटं पर्समध्ये ठेवत म्हणाली, "बाबांना नाही सांगणार, काका. ते अजून तुम्हाला मानतात. म्हणतात, नोकरी माझ्या चुकीनं गेली, त्या ऑफिसात सीधा माणूस एकच होता."

हे ऐकूनसुद्धा मी पैसे परत केले नाहीत. घरी येऊन सिंधूला सांगितलं, मंडळातल्या एकाला दिली तिकिटं.

आणि परवा मध्यंतरात तू आलास. माझा हात हातात घेऊन म्हणालास, "कमलाकर, आमची पोरगी कुणा दलालाकडून घेऊन आली रे. फार रागावलो मी तिच्यावर. तुला कशी मिळाली?" मी म्हणालो, "नशिबानं." शेजारी रेवा उभी होती. तिने मान दुसरीकडे वळवली, माझ्यासाठी. उरलेलं गाणं मला ऐकू आलं नाही.

काल किमतीच्या वरचे पैसे तिला परत पाठवले. तासाभरात तिने ते पुन्हा माझ्याकडे पाठवले, खाली लिहिलं होतं, 'राहू द्या काका.'

आता जे लिहायला हे सगळं लिहीत आलो ते लिहितो. तू दलालाला तिकिटं दिलीस, ते चुकलंच होतं. पण तुझ्याविरुद्ध रिपोर्ट लिहिला त्याच्या महिनाभर आधी मला ते कळलं होतं. आपल्या दोन खिडक्यांमध्ये एक लाकडी फळी होती. रोज एकत्र डबा खायचो आपण. "मधू, हे बंद कर," एवढं एक वाक्य तुला ऐकू जाईल असं बोललो असतो तर तू थांबला असतास, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याकडे साहेबांचं लक्ष जाणार होतं. गेलंही. त्याच जागेवरून मी रिटायर झालो. इतकी वर्षं लोक मला सरळ माणूस म्हणतात आणि मी ऐकून घेतो.

तू माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. दुकानात येऊन तोंडानं सांगायला हवं होतं, ती हिंमत झाली नाही. सिंधूला आज संध्याकाळी सांगणार आहे.

एकच मागणं आहे. रेवावर रागावू नकोस. तिला म्हणावं, आता काही लपवायची गरज नाही.

तो दलाल मीच,
कमलाकर