चर्चमागचे पांढरे दगड

शनि., ४ मे
उत्तर आयर्लंडमधल्या टायरोनच्या आमच्या गावातल्या पडक्या चर्चची साफसफाई. इतिहास मंडळात मी एकटीच पुण्याची, म्हणून उत्साह जरा जास्तच. बाकीचे भिंतीवरचे आयव्हीचे वेल कापत होते, मी मागच्या उतारावरचं गवत. त्यात पांढरे दगड विखुरलेले. सगळे वेचून कोपऱ्यात छान रचून ठेवले. कंबर मोडली, पण स्वतःवर खूश.

रवि., ५ मे
शेजारचे पॅट्रिक आले. वय ८४. दारातूनच, "मागचे दगड तू हलवलेस का, लव्ह?"
बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांचे आहेत ते. त्यांना दफनभूमीत जागा नसायची. बाप एकटाच जाऊन इथे पुरायचा, वर पांढरा दगड ठेवायचा. त्यातच पॅ.ची बहीण. एक दिवस जगली. नाव नाही.
ओरडले असते तर बरं वाटलं असतं. चहा न घेताच गेले.

सोम., ६ मे
बँक हॉलिडेची सुट्टी. आईला फोन केला, रडू आवरेना. ती म्हणाली, "आपल्यातही तान्ह्यांना पुरतातच गं. तुझ्या आधीचा एक होता. ओढ्याकाठी... बाबा एकटेच गेले होते. जागा मी कधी विचारली नाही."
इतक्या वर्षांत एक अक्षर नाही.

गुरु., ९ मे
मोबाईलमध्ये शनिवारचे, दगड उचलण्याआधीचे दोन फोटो सापडले! जवळजवळ सगळे दगड दिसतायत. पॅ.ना लगेच दाखवले.

शनि., ११ मे
दोघं गेलो. ते फोटो बघून जागा सांगत, मी गुडघ्यांवर बसून एकेक दगड परत ठेवत. म्हणाले, "कुठला आमचा, ते आईलाही माहीत नव्हतं. ती सगळ्यांनाच हात लावायची." मी ओढ्याकाठचं सांगितलं. त्यांनी टोपी काढली.
शेवटी एक दगड उरला. फोटोत कुठेच नाही.
"हाच तिचा असेल तर?" मी. त्यांच्याकडे बघवेना. तर त्यांनी तो माझ्याच हातात दिला. "जागा सापडेपर्यंत तू सांभाळ."

रवि., १२ मे
दगड खिडकीत ठेवलाय. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. "जरा जवळ आण," म्हणाली. आणला. तिने स्क्रीनवरूनच हात फिरवला.
"माती आहे गं त्याला. कोमट पाण्याने धू."
धुतला. ती बघत होती. मग उठता उठता म्हणाली, "बाबा फिरून आले की आज विचारते."