छप्पर नको, चूल मोजा

३ नोव्हेंबर

छप्पर मोजू नका, चूल मोजा! जनगणनेच्या प्रशिक्षणात आमच्या शिक्षिका मेलेबाईंनी हे इतक्यांदा सांगितलं की कान किटले. एका पातेल्यातलं जेवतात ते एक घर. एका छपराखाली निजले, पण पातेली दोन — तर घरं दोन.

मग फळ्यावर आकडे. आपल्या सामोआत माणसं हळूहळू वाढतायत, घरं मात्र भराभर. म्हणजे घरटी माणसं कमी. "आता एकेकटी राहणारीसुद्धा सापडतात," बाई म्हणाल्या. सगळे हळहळले. माझा नवरा सेमिसी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलाय, आणि त्याच्या आईने चूल वेगळी मांडलीय. त्या हिशेबाने एकटी मीच की!

४ नोव्हेंबर

माझ्याबरोबर मोजणीला असलेल्या तविता नावाच्या पोराने पहिल्याच दिवशी घोळ घातला. छपरं मोजत सुटला! पाद्रीबाबांचं स्वयंपाकाचं खोपट वेगळं घर धरलं आणि विचारलं, इथे कोण राहतं?

"डुक्कर," पाद्रीणबाई म्हणाल्या. "घे बाबा लिहून."

हसून हसून पोट दुखलं.

८ नोव्हेंबर, रविवार

भांडणाचं कारण काय, तर मी पालुसामीत, म्हणजे अळूच्या पानांत, डब्यातलं नारळाचं दूध घातलं! सासूबाई पाहुण्यांसमोर कडाडल्या, "नारळ खवायला हात मोडले होते का? आजपासून माझी चूल वेगळी." तेव्हापासून अंगणाच्या दोन टोकांना दोन धूर. म्हातारी एवढंसं शिजवते, तेही धड खात नाही.

आज नारळ खवला, अळूची कोवळी पानं आणली, पालुसामी केली, ताट नेऊन समोर ठेवलं. "माझं झालंय जेवण." खोटं! चूल थंडगार होती. रागही आला आणि रडूही.

तविता आमच्याकडे मोजायला यायच्या आत हे मिटायला हवं. एकदा सरकारदरबारी दोन घरं लागली, की म्हातारी तेच धरून बसेल. मला नको आहे एकटीचं घर.

१० नोव्हेंबर

आपलं घर आपण मोजायचं नाही, म्हणून तविता आला. मी नारळ सोलत बसले, कान तिकडे.

"आजी, तुमची चूल वेगळी ना? अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला काय कळतंय? एकच चूल. मी न् माझी सून. लिही!"

"पण ते तिकडे तीन दगड—"

"डास पळवायला धूर करते मी तिथे. तुला काय त्याचं?"

संध्याकाळी सासूबाई रिकामं ताट घेऊन माझ्या पायरीवर हजर. "बघतेस काय अशी? सरकारला सांगून बसलेय. खोटी पडू? वाढ." चाखून म्हणाल्या, मीठ कमी आहे. पण दुसऱ्यांदा घेतलं!

२१ नोव्हेंबर

गणती संपली. दिवसभर धाकधूक. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "आई, आता वेगळं शिजवलंत तरी कुणी विचारायला येणार नाही."

"पुढची गणती कधी?"

"पाच वर्षांनी."

"बरं. तोवर जेवते इथेच."