मागं वजन असलं की दिवा लागतो

प्रिय नाना,

आज तो दिवा लागला. काष्टीच्या बाजारातून पेंडीची पोती घेऊन घरी येत होते. धाकट्या भावाची पिकअप बंद पडली होती, म्हणून आईनं मला पाठवलं. आपलं गाव दिसायला लागलं आणि स्टिअरिंगमागं, काट्यांशेजारी तो बिघाडाचा पिवळा दिवा, तुम्ही सांगायचात तसाच. तुम्हाला जाऊन पावसाळा गेला, हिवाळा गेला. आता हे कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसले.

पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी ही गाडी मीच तुम्हाला दिली होती. तुम्ही तिला कामाला जुंपलंत. मागच्या सीटवर सरकीची पेंड, पायाखाली कडब्याचा भुसा. टपरीवर चहाला थांबलात की कुणीतरी विचारायचंच, "नाना, ही गाडी पेट्रोल खाती का पेंड?"

"दोन्ही खाती. पन दूध देत न्हाई."

मग तुमची दिव्याची तक्रार सुरू झाली. "बाजारातनं येताना लागतो. सकाळी बघावं तर न्हाई."

मी गाडी नगरला वर्कशॉपमध्ये नेली. मेकॅनिकनं लॅपटॉप जोडून बॅटरीतल्या सेन्सरचे आकडे पाहिले. बॅटरी किती तापली ते हे सेन्सर सांगतात. सगळं ठीक होतं. तो म्हणाला, "मॅडम, असा बिघाड येतो-जातो. समोर आला तरच सापडतो. गाडी रोज चालते तशीच आणा."

तशीच? मी पोती उतरवली, भुसा झाडला, सीट धुऊन घेतली आणि मग गाडी पुन्हा नेली. त्या चकचकीत फरशीवर तुमच्या गाडीचं दार उघडायची मला लाज वाटत होती, नाना. आकडे पुन्हा ठीक आले.

त्याच आठवड्यात टपरीवर, तुमच्या माणसांसमोर, मी म्हणाले, "दिवाबिवा काही नाही. वयानं भास होतात. किल्ली द्या."

तुम्ही किल्ली बाकावर ठेवलीत. "म्या खोटं बोलतोय व्हय?" एवढंच विचारलंत. त्यानंतर दोन-चार वेळा तुम्ही दुसऱ्याच्या टेम्पोत बसून बाजाराला गेलात. मग जायचंच सोडलंत.

गाडी मी नगरला माझ्याकडे आणली. एकटी चालवायचे. दिवा एकदाही लागला नाही, आणि माझंच खरं असल्याची खात्री पटत गेली.

जन्मभर बातमीदारी केली मी. कधी, कुठे, कशामुळे, हे परक्याला विचारल्याशिवाय ओळ लिहिली नाही. तुम्हाला का नाही विचारलं? खरं तर विचारायचीही गरज नव्हती. "मागं वजन असलं की लागतो बग," असं तुम्ही ओट्यावर बसून सांगितलं होतं. मी मोबाईलवर बातमी तपासत होते. 'हं' म्हणाले.

आज पोती उतरवू दिली नाहीत. "अगं, म्हशीनं काय खायचं?" आई मागून ओरडत राहिली. मी तशीच नगरला गेले.

बाहेर रखरखतं ऊन आणि लॅपटॉपवर एका सेन्सरचं तापमान उणे चाळीस! पोतं उचललं की आकडा बरोबर, ठेवलं की पुन्हा उणे. बॅटरी मागच्या सीटखालीच; सीट काढली तर तिथं सेन्सरची बारीक वायर दबलेली. वरून अख्खी, आतली तार तुटलेली. वजन नसलं की तिची टोकं एकमेकांना टेकायची आणि सगळं ठीक दिसायचं; वजन पडलं की सुटायची, आकडा बिघडायचा आणि दिवा लागायचा.

"आधी अशी का नाही आणली, मॅडम?" मेकॅनिकनं सहज विचारलं.

वायर बदलून झाली. तासाभराचं काम होतं, नाना. तेवढ्यासाठी मी तुमचा बाजार बंद केला.

पुढच्या बाजाराला पेंड मीच आणेन. येताना त्या टपरीवर थांबेन आणि तेव्हा जेवढ्या मोठ्यानं बोलले होते तेवढ्याच मोठ्यानं सांगेन, की दिवा लागत होता, नाना बरोबर सांगत होते, चूक माझी होती. कुणी पेट्रोल-पेंडीचं विचारलं तर तुमचंच उत्तर देईन. गाडीचं दार उघडंच ठेवेन. भुसा झाडणार नाही.

तुमचीच लेक,
कुसुम