यादीतलं पहिलं नाव

रवि. ५ ऑक्टो. १९८६
दुपारी अंगणातली पानं ओढत होतो. शेजारचा फ्रँक आला, हातात क्लिपबोर्ड. घरात बोलावलं. सुधाने चहा केला, ताजा चिवडा पुढे ठेवला. तीन वाट्या खाल्ल्या गड्याने, नाक गळेपर्यंत. मग बोर्ड पुढे केला. जुन्या डेअरीच्या मोकळ्या जागेवर अपार्टमेंट्स यायची आहेत, कमी उत्पन्नवाल्यांसाठी, खालचा मजला म्हाताऱ्या माणसांना. त्याला आमच्या रस्त्याचा विरोध. कारणं तीन: ट्रॅफिक, शाळेवर भार, पावसाच्या पाण्याचा निचरा.

निचऱ्याचं वाचून हसू आलं. सोळा वर्षं या देशात मी निचऱ्याचे आराखडे काढण्याशिवाय दुसरं करतो काय? जागा उताराची, पाणी सरळ ओढ्याला जातं. तिथे निचऱ्याचा काही प्रश्न नाही, हे सही करताना मला माहीत होतं. तरी केली.

भीड, दुसरं काय. ८२ च्या बर्फात सु. हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा याने रोज आमचा ड्राइव्हवे साफ केला, न सांगता. असा माणूस आपल्या सोफ्यावर बसून, आपला चिवडा खाऊन पेन पुढे करतो. त्याला नाही कसं म्हणणार? सु. ला म्हणाला, "यू टू, सुझी?" ती म्हणाली, माझे हात पिठाचे आहेत. चांगले स्वच्छ होते हात.

संध्याकाळपर्यंत चैन नाही. पानं परत ओढली. उरली होती कुठे!

शनि. ११ ऑक्टो.
मेघी मेलबॉक्समधून पत्रक घेऊन आली. पिवळा कागद, सगळ्या रस्त्याला वाटलाय. खाली सह्या करणाऱ्यांची नावं, आणि सगळ्यात वर मी. डॅन कुलकर्णी. दत्तात्रयचा डॅन फ्रँकने केव्हाच केलाय, पण ABC प्रमाणे 'के' पहिला कसा येतो? मी काही पहिली सही केली नव्हती. माझ्या वर सात-आठ होत्या.

मेघी चौदा वर्षांची आहे, तिला कळलं. "बाबा, दे पुट यू ऑन टॉप बिकॉज यू आर ब्राऊन." मी म्हटलं, असं काही नसतं, तू अभ्यास कर. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "डिड यू इव्हन रीड इट?"
वाचलं होतं म्हणून तर सांगता येईना.

रवि. १२ ऑक्टो.
फ्रँककडे गेलो. नाव काढ, एवढंच सांगायचं, दारातूनच. त्याने गराजमध्ये नेलं, नवीन करवत दाखवली, गार सायडर दिलं. मी विचारलं, मला वर का घातलंस? खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "डॅन, उद्या कोणी आम्हाला रेसिस्ट म्हणायला नको. तू आहेस ना यादीत. आणि खरं सांगू, सगळे तुझ्यासारखे असते तर हा प्रश्नच आला नसता."

इथे स्वतःशी खोटं लिहिण्यात अर्थ नाही. ते ऐकून क्षणभर बरं वाटलं. पहिला नंबर आल्यासारखं. मग स्वतःची इतकी शिसारी आली की सायडर संपवलं आणि थँक यू म्हणून घरी आलो.
थँक यू कशाबद्दल?

रवि. १९ ऑक्टो.
ओक ट्री रोडवर किराणा, मग डॉ. जोशींकडे जेवायला. विषय मीच काढला. जोशी म्हणाले, "उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस, यार. घराची किंमत पडली तर तुझा तो ओढा भरून देणार आहे का? आपण इथे पाहुणे. त्यांच्या भांडणात पडायचं नाही." मी म्हटलं, जोशी, आपण ७८ साली शेजारी उभं राहून नागरिकत्वाची शपथ घेतली, तुम्ही ढेकर दाबत होता. पाहुणे कसले? यावर सगळे हसले आणि श्रीखंड आलं.

तिथे काळ्या लोकांबद्दल जे शब्द वापरले गेले ते इथे लिहीत नाही. असे आमच्यात नेहमीच वापरले जातात. मी वापरत नाही, पण थांबवतही नाही.
परत येताना गाडीत मेघी मागे कानाला वॉकमन लावून.

रवि. २ नोव्हें.
दिवाळी. फराळाचा डबा घेऊन प्लेनफील्डला, आमच्या इथल्या पहिल्या घरमालकिणीकडे, मिसेस हॅरिसकडे. एकही वर्ष चुकलेलं नाही. डबा सु. च्या रुखवतातला, स्टीलचा, कडीचा, वर नाव कोरलेलं. मि.हॅ. ला चकली फार आवडते, दात गेले तरी चोखून खाते. दर वर्षी आठवड्याभरात डबा परत येतो, आत तिने केलेलं काहीतरी: कॉर्नब्रेड, पीचचा गोड पदार्थ. डबा रिकामा परत करायचा नसतो हे पहिल्या वर्षी सु. ने तिला सांगितलं, ते तिने आमच्यापेक्षा जास्त पाळलं.

आता अठ्ठ्याहत्तरची आहे. गुडघे गेलेत. जिना बसून बसून उतरते. आज चकली हातात धरून म्हणाली, "दत्ता, तुला एक बातमी आहे." (माझं नाव नीट उच्चारणारी या देशातली ती एकटी.) तुमच्या बाजूला जुन्या डेअरीच्या जागेवर घरं होतायत, मुलगा वॉल्टर अर्ज करून आला, खालच्या मजल्यावर मिळण्यासारखं आहे. "तुझी शेजारीण होणार मी, सन! सुधाला सांग, चकली आता दर महिन्याला लागेल."

सु. ने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात.
सांगायला हवं होतं. तिथेच. जमलं नाही.

सोम. ३ नोव्हें.
ऑफिसात एक रेघ सरळ ओढता आली नाही.
७० सालचा ऑक्टोबर आठवतोय. फोनवर "येस, रूम रिकामी आहे", दारात गेलं की "आत्ताच गेली". असं चारदा झालं. पाचव्या दारात मि.हॅ. उभी होती, एप्रनला हात पुसत. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "खोलीच तर आहे. आत ये, थंडी आहे." दहा महिने राहिलो. माझ्या फोडणीच्या धुराने खोकायची आणि खिडकी उघडून म्हणायची, छान वास येतोय. सु. आली तेव्हा शेवटचे दोन महिने तीही तिथेच. तिचा पहिला कोट मि.हॅ. ने घेऊन दिला.

हे सगळ्यांना सांगतो मी, मोठ्या अभिमानाने. एक गोष्ट सु. लाही सांगितलेली नाही. तेव्हा आईला सांगलीला फोटो पाठवला, पायऱ्यांवर मी आणि मि.हॅ. पाठवण्याआधी कात्रीने अर्धा कापला. आईला लिहिलं, घरमालकीण सज्जन बाई आहे. काळी आहे हे लिहिलं नाही. कापलेला अर्धा टाकवला नाही, तो अजून पासपोर्टच्या जुन्या पाकिटात आहे. आज काढून बघितला. माझा हात तिच्या खांद्यावर राहिलाय, मनगटापासून पुढचा.

शनि. ८ नोव्हें.
बुधवारी प्लॅनिंग बोर्डाची जाहीर सभा. ठरवलं. सही उघड केली, तर उघडच मागे घ्यायची. सकाळपासून भाषण लिहितोय. सु. म्हणाली, "अहो, भाषण कशाला? क्लार्कला चिठ्ठी द्या, नाव काढा म्हणून, आणि आधी प्लेनफील्डला जाऊन तिला सांगा." मी म्हटलं, ती येणार नाही सभेला, तिला सभेचं कुठे कळतंय. आधी बोलू दे, मग जाऊन सांगतो, म्हणजे तोंड तरी दाखवता येईल.
यात थोडा दिमाखही होता. चांगलं बोलून दाखवायचं होतं मला.

गुरु. १३ नोव्हें.
काल सभा झाली.

हॉल भरलेला. मी मागच्या रांगेत, सु. आणि मेघी शेजारी. फ्रँक पहिला बोलला. "हा रंगाचा प्रश्न नाही. आमच्या यादीतलं पहिलं नाव मिस्टर डॅन कुलकर्णी यांचं आहे, भारतातून आलेले, इथेच बसलेत." बोट माझ्याकडे. सगळे वळले. तिसऱ्या रांगेत एक निळी हॅट वळली. मि.हॅ. शेजारी वॉल्टर.

मला बघून ती आधी हसली. ओळखीचं कोणी दिसलं की माणूस हसतो तसं. मग तिने फ्रँककडे बघितलं, परत माझ्याकडे, आणि हळूहळू पुढे वळली.

माझं नाव पुकारलं. मायक्रोफोनशी गेलो. प्रत्येकाला तीन मिनिटं. आणि मी काय केलं? अध्यक्षांचे आभार मानले. बोर्डाचे आभार मानले. उपस्थित बंधुभगिनींचे. दहा वर्षं मंडळाच्या गणपतीत प्रास्ताविक करतो, ती जीभ आपोआप चालू झाली. फ्रँक किती चांगला शेजारी आहे, ८२ चा बर्फ, ड्राइव्हवे. मग निचरा. उतार किती, पाइप किती इंचांचा, ओढ्याची पातळी. मूळ वाक्य शेवटी ठेवलं होतं, चढत चढत तिथे जायचं म्हणून. घंटी वाजली.

मी म्हटलं, एकच मिनिट. अध्यक्ष म्हणाले, "थँक यू सर. लोक थांबलेत. म्हणजे तुम्ही विरोधात, ना?" मी "नो, नो, आय..." म्हणतोय तोवर मायक्रोफोनशी दुसरी बाई उभी राहिली होती. कोणीतरी हसलं.

परत जागेवर येताना तिसऱ्या रांगेवरून यावं लागलं. वॉल्टरने माझ्याकडे बघितलं. तिने नाही. हॅट मांडीवर घेऊन काठ नीट करत होती.
निर्णय झाला नाही. पुढची सभा १० डिसेंबर.
मेघी गाडीत रडली. मीही रडलो असतो, पण ड्राइव्ह करत होतो.

शुक्र. १४ नोव्हें.
क्लार्कला पत्र दिलं. पाच ओळी. नाव मागे घेतो, कारण चुकीचं आहे हे माहीत असताना सही केली. पाच ओळींत मावतं हे कालपर्यंत कुठे गेलं होतं कोण जाणे. सु. म्हणाली, "पत्र फायलीत जाईल. तिने कानांनी ऐकलंय." बरोबर आहे तिचं.

रवि. १६ नोव्हें.
फोन केला. वॉल्टरने उचलला. "शी इज रेस्टिंग." मी म्हटलं, मी आलो तर? "नॉट टुडे, दत्ता." वॉल्टर मला गाडी शिकवायला दर रविवारी यायचा. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.
तरी गेलो. घरासमोर गाडी लावून बसलो. स्वयंपाकघराचा दिवा होता. वीस पावलं फक्त. परत आलो. सु. ला सांगितलं, ट्रॅफिक होतं. तिला कळलं. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

शनि. २२ नोव्हें.
पत्राचं फ्रँकला कळलेलं दिसतंय. सकाळी हात केला, तर तो गाडी पुसत राहिला. अकरा वर्षांचा शेजार. वाईट वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

दुपारी आम्ही दुकानातून आलो तर पायरीवर डबा. वॉल्टर ठेवून गेला असणार, बेल न वाजवता. सु. ने उचलला आणि उचलल्या उचलल्या तिला समजलं. ओट्यावर ठेवून कडी काढली. धुतलेला, पुसलेला, लख्ख. आत काही नाही.
पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मेघी म्हणाली, "मेबी शी डिडन्ट हॅव टाइम टू बेक." आम्ही दोघंही हो म्हणालो.

रवि. ३० नोव्हें.
बोलणाऱ्यांच्या यादीत नाव घालून आलो. क्लार्कने विचारलं, बाजूने की विरोधात? बाजूने. नाव? दत्तात्रय. स्पेलिंग करून सांगितलं, त्याने तीनदा खोडलं, मी थांबलो.

आज मेघी ओव्हनचा टायमर घेऊन बसली. मला ओट्यापाशी उभं केलं. "नो थँक यूज, बाबा. नो ड्रेनेज." मी म्हटलं: माझं नाव त्या यादीवर आहे, ते मी काढून घेतो. मला कोणी खोली देत नव्हतं तेव्हा मिसेस हॅरिसनी दिली, आणि त्यांना इथे घर मिळावं म्हणून मी उभा आहे.
मेघीने टायमर बघितला. पंधरा सेकंद. "यू हॅव टू फॉर्टी-फाइव्ह लेफ्ट. काय करणार?"
माहीत नाही, म्हटलं. उभा राहीन.

सु. ने भाजणी काढलीय. दिवाळी होऊन महिना झाला, आता चकल्या कशाला, असं मी विचारलं नाही. डबा उन्हात ठेवलाय. तो घेऊन दहा तारखेच्या आधी जायचं, आणि या वेळी गाडीत बसून राहायचं नाही. पाकिटातला अर्धा फोटोही नेणार आहे. ती दार उघडेल की वॉल्टर, आणि उघडेल का, ते तिथे गेल्यावर.