कॅमेऱ्याला लागलेली नजर

९ जानेवारी

पूनमच्या भावानं नागपूरहून तिला कॅमेरा पाठवला. मोठ्या लेन्सचा, वर तीन पायांचा स्टँडसुद्धा. धाकट्या जावेचे लाड काही संपत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "आता बारशाचे फोटो पूनमले काढू दे, गायत्री." नणंद प्रणाली बाळंतपणाला माहेरी आली आहे, तिच्या बाळाचं बारसं. आठ वर्षं या घरातले सगळे फोटो मी काढले, माझ्या मोबाइलवर. मला साधं विचारलंही नाही.

१२ जानेवारी

सासूबाई अंगणात संत्री निवडत होत्या. पूनमनं फोटो काढला. मागची पोती, सायकल, वाळत घातलेली लुगडी सगळं धूसर, आणि सासूबाईंचा चेहरा तेवढा लख्ख. मी काढला असता तर आधी सायकलच दिसली असती. म्हटलं, लेन्स चांगली आहे, हिचं काय त्यात! तरी तिच्या नकळत तो फोटो मी चारदा पाहिला.

१५ जानेवारी

संध्याकाळी पूनमनं कॅमेरा स्टँडवर ठेवला न् अंधाऱ्या देवघरातली समई जशीच्या तशी उतरवली. माझ्या मोबाइलमध्ये पिवळा डाग. जळते मी. इथे लिहायला कसली लाज?

१९ जानेवारी

बारसं झालं. पांढुर्ण्याहून प्रणालीच्या सासरची मंडळी आली होती. बारशाआधी पूनम साडी बदलायला गेली, कॅमेरा खाटेवर. लेन्सच्या बाजूला एक बारीक खटका असतो – वर असला तर फोकस आपोआप, खाली केला तर हातानं. तिनंच मला दाखवला होता. मी तो खाली केला. एवढंच.

२० जानेवारी

मागच्या छोट्या पडद्यावर तिला काही कळलं नाही. आज टीव्हीवर लावले तर सगळे धूसर. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तोसुद्धा. प्रणाली रडली. मग माझे मोबाइलचे फोटो निघाले, काळपट, हललेले. सगळ्यांनी तेच कौतुकानं पाहिले. हेच तर हवं होतं मला. पण मी ते एकदाही पाहिले नाहीत.

२१ जानेवारी

सासूबाई म्हणाल्या, "कॅमेऱ्याले नजर लागली. गायत्री, तू मोठी, तूच उतरव." नाही कसं म्हणणार? मीठ, मोहऱ्या, सात मिरच्या घेऊन कॅमेऱ्यावरून ओवाळलं, स्टँडच्या तिन्ही पायांवरूनही. चुलीत टाकलं. कोणालाच ठसका लागला नाही.

"पाहा, किती कडक नजर होती! कोण मेली जळून राहिली, काय मालूम."

मी मान हलवली. दुपारी सगळे निजल्यावर खटका वर केला.

२२ जानेवारी

फोटो स्वच्छ यायला लागले. सासूबाई गल्लीभर सांगताहेत, "आमच्या मोठ्या सुनेच्या हाताले गुण आहे." शेजारची सुशीला शिलाई मशीन घेऊन आली – धागा तुटतो, नजर उतरवून द्या म्हणे. उतरवून दिली.

२५ जानेवारी

पूनमनं आज कॅमेरा माझ्या हातात दिला. लेन्सवर, खटक्याच्या वरच्या टोकाशी, नेलपेंटचा लाल ठिपका.

"ताई, खटका या ठिपक्यापाशी पाहिजे. त्या दुपारी मी झोपली नव्हती."

ती समोर जाऊन उभी राहिली.

"धरा नीट. पहिला माझा काढा."